आत्याला अजिंक्यताऱ्यावरून सातारा दाखवायचाय. कुठपर्यंत नेता येईल?

सई_च

नमस्कार मंडळी,

माझी आत्या ७८ वर्षांची आहे. माहेर साताऱ्याचं, मंगळवार पेठेतलं. लग्न होऊन नागपूरला गेली आणि तिकडचीच झाली. आजी-आजोबा गेले, घर विकलं, आता साताऱ्यात आमचं कुणीच नाही. गेल्या महिन्यात फोनवर बोलता बोलता म्हणाली, "सई, मला एकदा वरून गाव बघायचंय गं." वरून म्हणजे अजिंक्यताऱ्यावरून. लहानपणी भावांच्या मागे लागून ती एकदाच वर गेली होती. तिथून आपल्या घराच्या परसात वाळत घातलेलं आईचं हिरवं लुगडं दिसलं होतं, असं सांगते. बाकीचं काही तिला आठवत नाही, पण लुगडं पक्कं आठवतं.

नोव्हेंबरअखेर ती पुण्याला माझ्याकडे येतेय, तेव्हा एक दिवस साताऱ्याला न्यायचं ठरवलंय. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा दुखतो. कठडा असेल तर पंधरा-वीस पायऱ्या चढते, पण सावकाश. माझे प्रश्न असे : गाडी कुठपर्यंत जाते? तिथून पुढे किती चालायचं? जुन्या पेठा कुठून नीट दिसतात? आणि सकाळी जावं की संध्याकाळी? मी स्वतः शाळेच्या सहलीत एकदा गेले होते, त्यातलं मंगळाईच्या देवळापलीकडे काही आठवत नाही.

चिमणपुराकर

सईताई, गाडी गडाच्या मुख्य दरवाजापर्यंत जाते. डांबरी रस्ता आहे, पण अरुंद आणि वळणावळणाचा. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यावी लागते, तेव्हा चालवणारा सवयीचा हवा. दरवाजातून आत मात्र दगडी चढ आहे, ओबडधोबड. आत गेल्यावर मारुतीचं देऊळ लागतं. पुढे महादेवाचं देऊळ, प्रसारभारतीचे मनोरे, ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष असं करत मंगळाईच्या बुरुजापर्यंत बरंच चालावं लागतं. आत्यांना तिथवर न्यायचा हट्ट धरू नका.

माझं मत विचाराल तर चार भिंती ही जागा. गडाच्याच उतारावर आहे, गाडी जवळपर्यंत जाते, थोडंसंच चढायचं. गार वारा, बसायला जागा आणि समोर गाव.

डोंगरयात्री

चिमणपुराकरांशी असहमत. अजिंक्यताऱ्यावर जायचं आणि मंगळाईच्या बुरुजावर उभं राहायचं नाही म्हणजे पंगतीला बसून वरणभातावर उठण्यासारखं. तिथून चंदन-वंदन, कल्याणगड, जरंडा, सज्जनगड, यवतेश्वरचं पठार असा सगळा मुलूख फिरून बघता येतो. नैर्ऋत्येला चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. वय झालंय म्हणून माणसांना अर्ध्या वाटेवर का बसवायचं? माझ्या वडिलांना ८१ व्या वर्षी मी वर नेलंय. हळूहळू चाललो, पाच ठिकाणी बसलो, पण पोचलो.

निशा_वाचते

आत्यांना माझा नमस्कार सांगा. धागा वाचतेय.

चिमणपुराकर

डोंगरयात्री, तुमच्या वडिलांना दंडवत. पण त्यांचे गुडघे धड होते ना? इथे ऑपरेशन झालेला गुडघा आहे. चढताना काही वाटत नाही, त्रास उतरताना होतो. घसरट मुरमावर पाय निसटला तर वरून खाली कसं आणणार? आणि सईताईंनी सज्जनगड विचारलाच नाहीये, मंगळवार पेठ विचारलीय.

फोकस_मारुती

मी गेली बारा वर्षं या गडावरून फोटो काढतोय, म्हणून उजेडाबद्दल लिहितो.

शहर गडाच्या उत्तरेला आहे. त्यामुळे गावाकडे बघताना सूर्य कधी समोर येत नाही, दिवसभर तो पाठीशी किंवा बाजूला असतो. हे फार मोठं सुख आहे. पण नोव्हेंबर-डिसेंबरात दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे पायथ्याच्या पेठांवर बराच वेळ गडाचीच सावली पडलेली असते. दुसरी म्हणजे धूर. सातारा एका बाजूला यवतेश्वर आणि एका बाजूला अजिंक्यतारा अशा खोलगट जागेत वसलंय. थंडीत रात्रीची गार हवा खाली साठते आणि चुलींचा, बंबांचा, शेकोट्यांचा धूर तिच्यात अडकून राहतो. आठला बघाल तर दुधात बुडवल्यासारखं गाव दिसतं. फोटोला ते छान, पण घर शोधायला निरुपयोगी. ऊन तापलं की धूर उचलला जातो आणि सावलीही मागे सरकते.

म्हणून साडेनऊ ते अकरा ही वेळ धरा. संध्याकाळी सूर्य यवतेश्वरमागे जातो, आकाश सुरेख दिसतं, पण घरांवरचा उजेड लवकर जातो. दिवे लागल्यावरचा सातारा बघायचा असेल तर गोष्ट वेगळी.

सई_च

फोकस_मारुती, हे इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मी पहाटे पाचला पुण्यातून निघायचं ठरवत होते, ते रद्द. साडेसहाला निघू.

एक विचारू का? लुगडं खरंच दिसलं असेल का हो? माझा भाऊ म्हणतो, इतक्या लांबून शक्य नाही, आत्याच्या मनातलंच चित्र आहे ते.

फोकस_मारुती

हिशोब करून बघू. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. दोरीवर दुहेरी टाकलं तरी चार मीटरची पट्टी होते. अंतर साधारण एक किलोमीटर धरलं तर आपल्याला पौर्णिमेचा चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या जवळजवळ निम्म्या रुंदीची ती पट्टी दिसेल. काळपट कौलं, मातीच्या भिंती आणि मध्ये एकच हिरवा तुकडा. दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांना नक्की दिसणार. भावाला सांगा, आत्या बरोबर आहेत.

निशा_वाचते

हा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

कोरेगावचा_बापू

आवो ताई, दिसतंय की! आमी ल्हान असताना जरंड्यावनं आमच्या खळ्यातली मळणी बघायचो. कुणाची बैलं हैत ते बी सांगायचो. तवा हवा सोच्छ हुती आन् घरं बी येकमजली हुती. आता समदीकडं शिमिटाची घरं झाली, कुनाचं काय कळत न्हाई. पर तळं हाय की. मंगळवार तळं वरनं चौकोनी दिसतंय, आरशागत. आधी तळं घावू द्या, मग त्याच्या कडंकडंनं घर धुंडा.

सई_च

बापू, बरोबर! आत्या नेहमी म्हणते की घर तळ्यापासून "दोन बोळ पलीकडे".

बखर_भाकर

थोडं अवांतर, पण याच डोंगराबद्दल आहे म्हणून लिहितो. आत्यांना सांगायला उपयोगी पडेल.

वरून गावाकडे बघताना आपण जे बघतो ते ३०० वर्षांपूर्वी उलट्या बाजूने घडलं होतं. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याला येऊन बसला. त्याचा तळ गडाच्या उत्तरेला करंज्याला, म्हणजे आज जिथे घरंच घरं दिसतात त्या बाजूला. शहजादा आझम पश्चिमेच्या बाजूला होता, त्यावरून त्या गावाचं नाव शहापूर पडलं असं सांगतात. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले आणि १३ एप्रिल १७०० ला उडवले. पहिल्याने तट आतल्या बाजूला कोसळला. प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले, त्यांना जिवंत उकरून काढलं. दुसरा उडाला तो बाहेरच्या बाजूला. हल्ल्यासाठी तटाखाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच तट आला आणि सुमारे दोन हजार माणसं मेली. त्याआधी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते. गडावरची रसद संपत आली होती, शेवटी २१ एप्रिलला गड दिला गेला. औरंगजेबाने नाव ठेवलं आझमतारा. पुढे ताराबाईंच्या काळात गड परत आला, तेव्हापासून अजिंक्यतारा.

म्हणजे जे नाव आपण इतक्या सहज घेतो ते हरून पुन्हा जिंकलेल्या गडाचं आहे. मला हे नाव म्हणूनच फार आवडतं.

रानफूल

शिवाजी महाराजांची राजधानीसुद्धा होती ना ही काही काळ?

बखर_भाकर

नाही. महाराजांनी १६७३ मध्ये गड घेतला, पण राजधानी रायगडच. साताऱ्याला राजधानी केली ती राजाराम महाराजांनी, जिंजीहून परत आल्यावर. राजगड, रायगड, जिंजी आणि चौथी सातारा. मग १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि खालचं शहर त्यांनी वसवलं. म्हणून जुन्या कागदांत शाहूनगर म्हणतात.

रानफूल

धन्यवाद. म्हणजे खालचं गाव गडापेक्षा कितीतरी तरुण आहे.

बखर_भाकर

कितीतरी. गडाची सुरुवात शिलाहार राजा दुसऱ्या भोजाची, बाराव्या शतकाच्या शेवटची मानतात. विजापूरच्या राजकारणात चांदबिबीलाही याच गडावर कैदेत ठेवलं होतं. १७५० मध्ये ताराबाईंनी शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या रामराजाला वर बोलावून दरवाजे लावून घेतले ते इथेच. त्या वेळी ताराबाई पंचाहत्तरीच्या होत्या! सईताई, आत्यांना हे नक्की सांगा.

सई_च

सांगितलं. म्हणाली, "मग मला कोण अडवतंय वर जायला." आता पंचाईत माझी झालीय.

डोंगरयात्री

बघा! आत्या माझ्या पक्षात आहेत.

ठाणेकर_अनिकेत

गेल्या मे महिन्यात आम्ही कुटुंबासह गेलो होतो. खरं सांगतो, वाईट वाटलं. तटावर नावं कोरलेली, फुटक्या बाटल्यांच्या काचा, चिप्सची पाकिटं बोराटीत अडकलेली. खालच्या उताराचा एक पट्टा वणव्याने काळा पडलेला. मुलगी विचारत होती, बाबा इथे आग कुणी लावली? ज्या शहराच्या डोक्यावर असा गड आहे त्यांना त्याचं काहीच वाटत नाही का?

चिमणपुराकर

अनिकेत, तुम्ही बघितलं ते खरं आहे, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण साताऱ्यात वाटणारी माणसंही पुष्कळ आहेत. रोज पहाटे शंभरेक तरी लोक गड चढतात. त्यातले काहीजण पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन जातात आणि लावलेल्या झाडांना घालतात. मी स्वतः सहा वर्षं दोन झाडांना पाणी घालतोय, एक वड आणि एक आपटा. आपटा गेल्या वणव्यात होरपळला. बुंध्याला हात लावला तर साल हातात आली. मी त्या दिवशी तसाच घरी आलो, दोन दिवस गडावर गेलो नाही. जूनमध्ये गेलो तर मुळाशी दोन फुटवे, नखाएवढी जोडपानं. ती पानं बघून मी तिथेच बसलो.

वणवा बहुतेक वेळा माणसानेच लावलेला असतो. कुणी विडी टाकतं, कुणी गवत चांगलं येईल म्हणून पेटवतं. जाळल्याने गवत चांगलं येतं हा समज चुकीचा आहे. वरचा पालापाचोळा जातो, माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. वाहून आलेली ती माती खाली पेठांतल्या गटारांत येते. हे डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला दरवर्षी दिसतं.

ठाणेकर_अनिकेत

मी रागात लिहिलं होतं. तुमचा आपटा जगला हे वाचून बरं वाटलं. पुढच्या वेळी आलो तर एक कॅन माझ्याकडेही द्या.

सुशांत_०७

मला वाटतं वर नीट कठडे, दुर्बिणी, एखादं कॅफे, रात्रीची प्रकाशयोजना असं करायला हवं. म्हणजे सईताईंच्या आत्यांसारख्यांची सोय होईल आणि बाटल्या फोडणारेही येणार नाहीत.

डोंगरयात्री

कॅफे नको. आज कॅफे, उद्या स्पीकर. उतारावर मोर आहेत, बिबट्याचा वावर आहे, त्यांना रात्र अंधारीच हवी.

मृण्मयी_क

कॅफे आणि दिवे मलाही नकोत, पण कठड्याबद्दल सुशांतशी सहमत. मी व्हीलचेअर वापरते. गड राखायचा म्हणजे तो फक्त धट्ट्याकट्ट्यांसाठी राखायचा असं होऊ नये. तटाला हात न लावता, दरवाजाच्या अलीकडे, गाडी थांबते तिथे एक सपाट फरसबंदी, धरायला कठडा आणि दोन दगडी बाक एवढं केलं तरी माझ्यासारख्या कितीजणांना गाव बघता येईल. डोंगर चढून जाण्यातच आनंद आहे, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मला न चढताही आनंद होतो.

डोंगरयात्री

मृण्मयी, पटलं. मी असा विचार केला नव्हता. पंगतीची उपमा मागे घेतो. सईताई, बुरुजाचा आग्रहही मागे घेतो.

सई_च

मृण्मयी, मनापासून आभार. हा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवणार आहे. तिला सारखं वाटतं की आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो.

मग आता चार भिंती नक्की करू का?

फोकस_मारुती

चार भिंती सुंदर आहे, पण तुमच्या कामासाठी एक अडचण आहे. तिथून राजवाडा, मंगळवार पेठ हा भाग तिरका दिसतो आणि मधल्या नव्या इमारती आड येतात. तळं दिसेलच असं सांगता येत नाही. गडाच्या रस्त्यावर वरच्या बाजूच्या वळणांवरून मात्र नजर सरळ खाली पडते, छपरांवरून आत, बोळांपर्यंत. दरवाजाच्या थोडं अलीकडे गाडी बाजूला घेता येईल अशी जागा बघा आणि घडीची खुर्ची बरोबर ठेवा. एक पायरीसुद्धा चढावी लागणार नाही.

बखर_भाकर

चार भिंतीला मात्र जाच. ती १८३० मध्ये प्रतापसिंह महाराजांनी बांधली. राजघराण्यातल्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक वरून बघता यावी म्हणून, असं सांगतात. म्हणजे वरून गाव बघण्यासाठीच बांधलेली जागा! पुढे नऊच वर्षांनी इंग्रजांनी महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिकडेच गेले, सातारा त्यांना पुन्हा दिसला नाही. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन चौदा वर्षं झगडले. आता तिथे १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. मी तिथे गेलो की प्रत्येक वेळी काशीला असलेल्या त्या माणसाची आठवण येते. आपलं गाव डोळ्यांपुढे आणून बघत असेल का तो?

निशा_वाचते

हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

रानफूल

विषय थोडा हलका करते. पेढे कुठे घ्यायचे ते कुणी सांगत नाहीये!

कोरेगावचा_बापू

कंदी पेढं सातारला कुठं बी घ्या, पर ताजं हैत का ते इचारून घ्या. बोटानं दाबला तर रवाळ फुटाय पायजे, चिकाट नगं.

मेघना_वाई

काही कामाच्या सूचना. शनिवार-रविवार टाळा, कासला जाणाऱ्यांची समर्थ मंदिर आणि बोगद्याच्या बाजूला गर्दी असते. वर पाण्याची, स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नका, खालीच उरकून जा. टोपी आणि पातळ शाल दोन्ही ठेवा, वर ऊन आणि गार वारा एकदमच लागतात. आणि एक. वर पोचल्याबरोबर "दिसलं का, दिसलं का" असं विचारत बसू नका. माझ्या आजीला मी असंच घाई करून भंडावून सोडलं होतं. म्हाताऱ्या माणसांचे डोळे लांबच्या गोष्टीवर बसायला वेळ लागतो. त्यांना नुसतं बसू द्या.

पेठेतली_माधवी

मी रोज येऊन वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी मंगळवार पेठेतच राहते, तळ्यापासून दोन बोळ सोडून. आमची गच्ची चौथ्या मजल्यावर आहे आणि तिथून गड पूर्ण दिसतो, म्हणजे गडावरून आमची गच्चीही दिसत असणार.

माझ्या सासूबाईंचं एक हिरवं नऊवारी आहे. सईताई, तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता जाणार ते सांगा. मी ते गच्चीवर वाळत घालते. पूर्ण पसरून घालते, दुहेरी नाही.

निशा_वाचते

माधवीताई!!

फोकस_मारुती

पूर्ण पसरलं तर चंद्राच्या रुंदीएवढं दिसेल. वाऱ्याने उडू नये म्हणून चिमटे जवळजवळ लावा.

सई_च

माधवीताई, काय लिहू? मंगळवारी, २५ तारखेला, दहा वाजता. आत्याला यातलं काहीही सांगणार नाही.

कोरेगावचा_बापू

मंगळवारी आमी समदी हितं हजर.

सई_च

काल जाऊन आलो. सविस्तर लिहिते.

साडेसहाला निघालो, नऊला साताऱ्यात. आधी चार भिंतीला गेलो. आत्या माझा हात धरून हळूहळू चढली. बखर_भाकर, प्रतापसिंह महाराजांचं सांगितलं. ती म्हणाली, "मलाही नागपूरला असंच व्हायचं सुरुवातीला." तिच्या तोंडून हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग गडाचा रस्ता. वरच्या एका वळणावर गाडी बाजूला घेतली, खुर्ची मांडली. खाली धूर जवळजवळ विरला होता. मेघनाताई, मी तोंडातून शब्द काढला नाही. आत्या पाच-सात मिनिटं गप्प बसली होती. चष्मा पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, "सगळं नवीनच झालंय गं." माझा जीव खालीवर. मग तिला तळं सापडलं. बापू म्हणाले तसंच, चौकोनी. तळ्यावरून तिने हवेत बोट फिरवत बोळ मोजले, एक, दोन. आणि बोट तिथेच थांबलं.

"कुणीतरी लुगडं वाळत घातलंय," म्हणाली. "हिरवं."

मी काही बोलू शकले नाही. भाऊ गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. आत्या मात्र शांत होती. पुढे वाकून नीट बघत होती. मग मान हलवून म्हणाली, "पण हे आमचं घर नव्हे हं. आमचं तळ्याकडच्या बाजूला, याच्या दोन घरं अलीकडे. तिथे परसात पेरू होता."

पाऊण तास बसलो. खाली उतरताना तिला माधवीताईंबद्दल सांगितलं. तिने फोन घेतला आणि हा सगळा धागा पहिल्यापासून वाचला, गाडीत, चष्मा कपाळावर ठेवून. डोंगरयात्री, तिने तुमच्यासाठी निरोप दिलाय, पुढच्या वेळी मंगळाई.

डोंगरयात्री

मी हात धरायला येतो. तारीख कळवा.

चिमणपुराकर

मी त्या वेळी वरच होतो, झाडांपाशी. वळणावर खुर्चीत बसलेल्या आत्या दिसल्या, पण जवळ आलो नाही. तुमचा तो वेळ होता.

पेठेतली_माधवी

सईताई, आत्ताच वाचलं. आमच्यापासून तळ्याकडे दोन घरं सोडून एक जुनं जोतं आहे, घर पडलंय, मालक मुंबईला असतात. पण परसातला पेरू आहे अजून. वाकडा झालाय, भिंतीवरून बोळात आलाय. आम्ही सगळी पेठ त्याचेच पेरू खातो. आत्यांना विचारा, त्यांचा पेरू आतून लाल होता की पांढरा?

सई_च

विचारलं. लाल.

पेठेतली_माधवी

तोच. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पिकले की पाठवते.